गुलाबी पानं

आजी कुठल्या रंगात आहे, हे रविवारची दुपार झाली तरी कुणाला सांगता येत नव्हतं.

एल ओर्नोत, म्हणजे भट्टीत, नाटकाच्या प्रत्येक खर्ड्याला वेगळा रंग असतो. पहिला पांढऱ्या कागदावर, मग गुलाबी, मग निळा, आणि प्रयोगाला उभा राहतो तो हिरवा. पिवळा कधीच नाही. रंगमंचावर पिवळं आणणं अपशकुनाचं. भट्टीत फक्त नवी नाटकं होतात, आधी कुणीच न केलेली, आणि नवं नाटक शुभारंभाच्या आदल्या दिवसापर्यंत बदलत राहतं. एबेर आजोबांनी ही बंद पडलेली बेकरी नाट्यगृह करायला घेतली तेव्हा दारावरची पाटी तशीच ठेवली होती: आजचाच पाव. आजोबा गेले, पाटी राहिली, रंग राहिले. तालमीत अडखळणाऱ्या नटाला इथं अजूनही एकच प्रश्न विचारतात, तू कुठल्या रंगात आहेस?

"गुरुवारी पहिल्या अंकात तू हिरवी होतीस, आई," दार्दो म्हणाला. "दुसऱ्यात निळी. शेवटी शेवटी तर चक्क पांढरी."

"वय झालं की माणूस पांढरं होतंच," निबिया म्हणाली आणि कढईतली तोर्ता, कणकेची जाड पुरी, उलटली.

टिनाच्या छपरावर सांता रोसाचं वादळ कोसळत होतं. ऑगस्ट संपताना दर वर्षी येतं, पण यंदा नेमका शुभारंभाचा दिवस धरून आलं होतं. पाऊस लागला म्हणजे तोर्ता तळायच्या, मग संध्याकाळी नाटक असो नाहीतर मयत. कणीक तिंबायच्या जुन्या टेबलाभोवती चौघं बसली होती: निबिया, तिची दोन मुलं, नाटक बसवणारा दार्दो आणि त्यात काम करणारी मिर्ता, आणि दार्दोची मुलगी आनाक्लारा, जिचं हे नाटक होतं.

मार्चमध्ये याच टेबलावर ते वाचलं गेलं, रीतीप्रमाणे लेखकाचं नाव झाकून. सगळे हात वर झाले, दार्दोचा सगळ्यात आधी. मग नाव उघडलं, आणि त्यानं हात असा खाली घेतला जणू टेबल तापलं होतं. घरच्यांचं नाटक भट्टीत करायचं नाही, हा एबेरचा नियम होता. "वर झाले ते हात झाले," निबिया तेव्हा म्हणाली होती, आणि विषय संपला होता. म्हणजे, दार्दोपुरता नव्हता संपला.

"पप्पा," आनाक्लारा म्हणाली. "शेवटचं विचारते. गुलाबीतला तो कापलेला प्रवेश."

"शेवटचं तू मंगळवारीही विचारलंस."

"मंगळवारी शेवटून दुसरं होतं."

तिचं अंग दुखत होतं. तिची मुलगी आंपारो आठ महिन्यांची, आणि तिला सकाळीच नवरा, फाब्रिसिओ, त्याच्या आईकडे घेऊन गेला होता. दुपारचं पाजणं चुकलं की छाती अशी दगड होते. ती हात आवळून बसली होती. दार्दोला वाटलं हट्टानं बसलीय.

"अगं, तुला कळत कसं नाही?" तो म्हणाला. "बेकरीणबाई. भट्टीजवळ ठेवलेलं तान्हं पोर. पोर रडतंय आणि आई पाव भाजतेय. या शहरात कोण आहे ज्याला ही बाई कोण ते कळणार नाही? एकोणऐंशीव्या वर्षी तू आजीला तिच्याच स्टेजवर उभी करून जाब विचारणार?"

"जाब नाही विचारत. उत्तर द्यायला जागा ठेवलीय."

"कुणी मागितली होती जागा?"

तेल चुरचुरत राहिलं. निबियानं तुंब्यात माते या कडू चहाचा पाला सारखा केला, थर्मासातलं पाणी ओतलं आणि तुंबा मिर्ताकडे दिला.

"आत्या, तू तरी सांग," आनाक्लारा म्हणाली.

मिर्ता नळीतून सावकाश प्यायली. "मला त्यात ओढू नकोस, बाळा. मी तालमीत तीनदा बोलून बघितलं. ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही."

"चारच शब्द आहेत."

"चारच आहेत म्हणूनच." तिनं तुंबा आईकडे परत केला. "आभार."

मातेच्या फेरीत आभार मानले की त्या माणसाचं पुरे झालं, पुढचा तुंबा त्याच्याकडे येत नाही. मिर्ताचं पुरे झालं होतं, आणि नुसतं मातेचं नाही, हे टेबलावर सगळ्यांना कळलं.

आनाक्लारानं आजीकडे बघितलं. मार्चमध्ये आजी तिच्या बाजूला होती. जूनमध्ये गुलाबी पानं फाडली गेली तेव्हा आजी कुठल्याच बाजूला नव्हती. ती तळघरात जुने कपडे उन्हाला घालायला काढत होती.

"आजी?"

"मी नटी आहे गं," निबिया म्हणाली. "हिरवी पानं द्याल, हिरवी करीन." तिनं तोर्तावर साखर भुरभुरवली. "कापताना मला कुणी विचारलं नाही, एवढंच."

"तुझ्यासाठीच कापलं, आई."

"हो का," निबिया म्हणाली. "खा. गरम आहेत तोवर खा."

*

जिथं पूर्वी पाव भाजले जात, तिथं आता रंगपट होता. मागची भिंत पाडून अंगणाकडे दार काढलेलं, आत दोन आरसे आणि कपड्यांची दांडी. भट्टीचं तोंड मात्र जुनंच, कमानीचं. ते सरळ रंगमंचावर उघडायचं आणि त्यावर नुसता काळा पडदा.

मिर्ता नेहमीप्रमाणे डावीकडच्या आरशापुढे बसली, म्हणजे आई आपोआप उजवीकडे येते. मिर्ताचा डावा कान गेलेला. लहानपणी तापात फुटला, तो फुटलाच. ती रंगमंचावर कुठं उभी राहते हे बघून नव्या नटांना वाटायचं, बाईंना आपली उजवी बाजू जास्त सुंदर वाटते. ती त्यांना तसं वाटू द्यायची.

त्या तापाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मिर्ता आठ महिन्यांची. पाळणा इथंच, भट्टीत, उबेला. शुभारंभाचा प्रयोग. मिर्ता रडते, निबिया आवाज चढवते. मिर्ता आणखी रडते, निबिया आणखी चढवते. शेवटच्या संवादाला तिचा आवाज म्हणे बंदरावर ऐकू गेला आणि प्रेक्षक खुर्च्या सोडून उभे राहिले. एबेर दर वाढदिवसाला ही गोष्ट सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "आमच्या मिर्तानंच आईला मोठी नटी केलं!" सगळे ग्लास उंचावायचे. मिर्ताही उंचावायची. गोष्टीत कान कधी नसायचा.

"तुला मिशी फुटायला लागलीय," निबिया आरशातून म्हणाली.

"तुझीच आहे. वारसा."

"माझ्याकडून एवढंच घेतलंस होय?"

निबिया उठली, दांडीवरून ॲप्रन काढायला मिर्ताच्या पाठीमागून डावीकडे गेली. तिथं जरा थांबली. मिर्ताला आरशात तिचे ओठ हलताना दिसले.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. वेणी घट्ट घाल. मागच्या वेळी सुटली होती."

अंगणाचं दार धाडकन उघडलं. फाब्रिसिओ आत आला तो नुसता पाण्याचा लोट होता, आणि त्याच्या रेनकोटाच्या आत, गळ्याशी, आंपारोचं झोपलेलं डोकं.

"आईच्या गल्लीत पाणी शिरलं," तो धापा टाकत म्हणाला. "दिवे गेले. आईला वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे पोचवलं, हिला कुठं ठेवू? आनाक्लारा कुठाय?"

"स्टुलावर," मिर्ता म्हणाली.

म्हणजे काही उपाय नव्हता. लेखकाचं स्टूल पहिल्या रांगेच्या मधोमध, बेकरीतलंच, पाठ नसलेलं. दुसऱ्या घंटेपासून शेवटचा दिवा मालवेपर्यंत लेखकानं त्यावरून उठायचं नाही. लेखक लोक पळून जायला टपलेले असतात, एबेर म्हणायचा. त्यांनाही बघू दे आपण काय करून ठेवलंय. आजवर कुणी उठलं नव्हतं. एकाला त्यावर मूतखड्याची कळ आली होती, तरी तो बसून राहिला होता.

"झोपलीय ना? मग बस इथं कोपऱ्यात," मिर्ता म्हणाली. "पडद्यापासून लांब. आणि शिंकू नकोस."

निबियानं हाताला लावलेलं पीठ ॲप्रनला पुसलं, आंपारोचा उघडा पडलेला पाय हातात घेतला. धरला, सोडला नाही.

तिसरी घंटा झाली.

"लीद!" मिर्ता म्हणाली.

"पुष्कळ लीद!" निबिया म्हणाली.

फाब्रिसिओनं डोळे विस्फारले. लग्नाला तीन वर्षं झाली तरी त्याला याची सवय झाली नव्हती. दारात बग्ग्या जितक्या जास्त तितकी घोड्यांची लीद जास्त. बग्ग्या गेल्या, घोडे गेले, आशीर्वाद तेवढा राहिला. "थँक्यू," तो पुटपुटला.

"आभार मानायचे नसतात यात, वेड्या!" मायलेकी एका सुरात म्हणाल्या, आणि निबिया पडदा सारून उजेडात गेली.

*

चालत होतं. आनाक्लाराला विश्वास बसत नव्हता, पण चालत होतं.

एवढ्या पावसात साठच्या साठ खुर्च्या भरल्या होत्या. लोकांच्या ओल्या कोटांचा वास आणि वाफ. बेकरी बंद होण्याचा शेवटचा दिवस, म्हातारी बेकरीण, तिची पन्नाशीची मुलगी, आणि भट्टी विझवायची कुणी यावरून दिवसभर चाललेलं त्यांचं भांडण. लोक हसत होते जिथं तिनं ठरवलं होतं तिथं, आणि दोन ठिकाणी जिथं तिच्या ध्यानीमनी नव्हतं तिथंही. आजी हिरवी होती. पहिल्या शब्दापासून, स्वच्छ, काठोकाठ हिरवी. वर माळ्यावर दिव्यांपाशी पप्पा नक्की सुस्कारा टाकत असतील.

नाटक त्या गेलेल्या प्रवेशाच्या जागी येत होतं. आता म्हातारी कणकेच्या काथवटीकडे जाणार, मुलीच्या डाव्या अंगानं, पाठमोरी राहून म्हणणार, "बास. दिवा मालव." अंधार. छान होतं ते. सगळे म्हणाले होते छान आहे. दार झाकून घेतल्यासारखं छान.

छपरावरचा पाऊस थांबला. अचानक, कुणी नळ बंद करावा तसा.

त्या शांततेत भट्टीच्या आतून पोर रडलं.

आनाक्लाराच्या अंगानं आधी ओळखलं, कानांनी नंतर. पान्हा फुटला, ब्लाउज भिजत गेला, आणि मेंदूला कळायला वेळ लागला की हे माझं आहे, ही आंपारो, ही इथं कशी. तिनं स्टुलाच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. फाब्रिसिओ असेल तिच्याजवळ. तो उचलेल. ती आत्ता गप्प होईल.

आंपारो गप्प झाली नाही. तिचं ते भुकेचं रडणं होतं, ज्यात मध्ये श्वास अडकतो आणि आईच्या छातीत तेवढा वेळ सगळं थांबतं.

मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, "रेकॉर्डिंग असेल."

ऊठ, तिचं अंग म्हणत होतं. पाठीमागे साठ माणसं होती, समोर तिचं पहिलं नाटक, आणि ती जर उठली तर ते इथंच मोडणार होतं, आजीच्या हातात, शेवटाच्या दोन पावलांवर. ती उठली नाही. आणि तेव्हा तिला कळलं की गुलाबी पानांत तिनं लिहिलं होतं ते सगळं खरं होतं, आणि लिहिताना तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

*

माळ्यावर दार्दोचा हात खटक्यावर होता.

तो पाच वर्षांचा होता तेव्हा. याच भट्टीच्या तोंडाशी उभं राहून त्यानं हाक मारली होती, आई, मिर्ता रडतेय. आई त्याच्या अंगावरून एंट्रीला गेली होती. तिच्या झग्याचा घोळ त्याच्या तोंडाला लागला होता, अजून आठवतो तो, खरखरीत. मग टाळ्या झाल्या. इतक्या टाळ्या झाल्या की त्यानं ठरवून टाकलं, आईचंच बरोबर. तेव्हापासून तो आईच्या बाजूला होता. कुणीतरी असायला हवं होतं.

"बास म्हण, आई," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "बास म्हण, मी अंधार करतो. सगळं झाकतो मी."

खाली निबिया काथवटीकडे निघाली होती. अर्ध्यात थांबली.

तीही ऐकत होती. प्रेक्षकांना दिसत होतं की ऐकतेय. रिकाम्या रंगमंचावर एखादं माणूस नुसतं ऐकत उभं राहिलं तर किती वेळ चालतं? फार नाही. दार्दोनं खटका दोन बोटांत धरला. आई विसरलीय. गुरुवारसारखी विसरलीय. आत्ता अंधार केला तर कुणाला कळणार नाही, टाळ्या होतील, नाटक वाचेल, आई वाचेल.

निबिया वळली.

*

मिर्ता काथवटीशी पाठमोरी उभी होती आणि आई डावीकडून यायची वाट बघत होती. डावीकडून येणारी आई तिला ऐकू येत नसे. ती रंगमंचाच्या फळीवरून ओळखायची. तिसरी फळी हलते. हलली नाही.

पावलं उजवीकडून आली.

हिरव्यात आई उजवीकडे येत नाही. निळ्यातही नाही. फक्त एकाच रंगात म्हातारी काथवटीला पूर्ण वळसा घालून, चालवत नसताना, मुलीच्या उजव्या खांद्याशी येते, आणि हे आनाक्लारानं का लिहिलं होतं ते घरच्यांनाच ठाऊक होतं. मिर्ताच्या हातातली कणीक हातातच राहिली.

नको, आई, ती मनात म्हणाली. इथं नको. एवढ्या लोकांत नको. मग तिला वाटलं, नाहीतर कुठं? स्वयंपाकघरात? पन्नास वर्षं स्वयंपाकघर होतंच की.

"ऐकू येतंय मला," निबिया म्हणाली.

आवाज चढवून नाही. अगदी हळू. साठ माणसं एकदम पुढं वाकली.

"तेव्हाही येत होतं. प्रत्येक हुंदका. लोक म्हणतात, भट्टीच्या आवाजात तिला पोराचं रडणं ऐकू आलं नसेल. मी म्हणू दिलं त्यांना. मला ऐकू येत होतं आणि मी आवाज चढवत होते."

आत आंपारो रडत होती. आता मिर्ताची पाळी होती, गुलाबीत. चार शब्द. तिनं तोंड उघडलं. तालमीत झालं होतं तसंच झालं, वाक्य निघेना. तिनं आईकडे बघितलं. आई ओठ न हलवता थांबली होती. सुचवत नव्हती. वाट बघत होती.

"मग आली का नाहीस?"

आवाज तिच्या स्वतःच्या कानाला ओळखू आला नाही. पन्नाशीच्या बाईचा नव्हता तो.

"पावांचा घाणा भट्टीत होता," निबिया म्हणाली. "सोडला असता तर करपला असता. मला वाटलं, ही रात्र परत यायची नाही आणि पोर तर रोज असणार आहे." ती थांबली. "उलटं होतं गं ते. रात्री ढिगानं आल्या. ते रडणं एकदाच होतं. आणि मला पाव नको होते त्या रात्री. टाळ्या हव्या होत्या."

टाळ्या हा शब्द कुठल्याच रंगात नव्हता. स्टुलावर बसलेल्या आनाक्लाराला तेवढं कळलं, आणि माळ्यावर एकाला. दार्दोनं खटक्यावरून हात काढला. मग, थोडं थांबून, त्यानं दुसरीकडे हात नेला आणि दिवा वाढवला, सावकाश, दोघींच्या तोंडावर, आणखी थोडा, भट्टीच्या कमानीवर. काहीच झाकलं नाही त्यानं.

निबियानं पिठानं भरलेला हात मिर्ताच्या डाव्या कानावर ठेवला. नुसता ठेवला. मिर्तानं मान कलती केली, त्या हातात सोडली, आणि रंगमंचावर एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिनं प्रेक्षकांना डावी बाजू दाखवली.

"आता भट्टीत काही नाहीये," निबिया म्हणाली. मग ती रंगमंचाच्या कडेला आली आणि सरळ स्टुलाकडे बघितलं. "जा. बसलीस काय? तिला घेऊन ये."

आनाक्लारा उठली.

स्टूल मागे कलंडलं, त्याचा आवाज झाला, आणि एबेर आजोबांचा नियम साठ लोकांदेखत मोडला. रंगमंचावर चढायला दोन पायऱ्या होत्या, तिला त्या लागल्या नाहीत. भिजलेल्या ब्लाउजनं, घरातून घालून आलेल्या बुटांनी ती आजीच्या बेकरीतून चालत गेली, पडदा सारला, आणि आत घामाघूम झालेल्या, "मी सगळं करून बघितलं गं" म्हणणाऱ्या फाब्रिसिओच्या हातातून तिनं पोर घेतलं. उजेडात परत आली. काथवटीशेजारच्या पोत्यावर बसली आणि पाजायला घेतलं.

रडणं थांबलं. मोठ्यानं घोट घेतल्याचा आवाज तेवढा पहिल्या रांगेपर्यंत आला. कुणीतरी हसलं, आणि त्याच माणसानं नंतर नाक शिंकरलं.

निबिया नातीकडे आणि पणतीकडे बघत राहिली, किती वेळ ते कुणी मोजलं नाही. मग मिर्ताकडे वळून म्हणाली, "दिवा असू दे."

अंधार झालाच नाही. लोकांना कळेना नाटक संपलं की नाही. मग मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली, आणि खुर्च्या वाजल्या, एकामागून एक, आणि टाळ्यांना जी सुरुवात झाली ती छपरावरच्या पावसासारखी. आंपारो दचकली, दूध सोडून त्या आवाजाकडे डोळे मोठे करून बघितलं, आणि परत कामाला लागली.

*

लोक जायला तयार नव्हते. शेवटी दार्दोनंच सगळ्यांना बाहेर काढलं. एका म्हाताऱ्या समीक्षकानं त्याला दारात धरलं. "काय दिग्दर्शन! ते पोर रोज नेमकं त्याच वाक्याला रडवणार कसं तुम्ही?"

"आमचं आम्हालाच ठाऊक," दार्दो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

टेबलाभोवती परत तेच होते, फाब्रिसिओ आणि आंपारो जास्तीचे. दुपारच्या तोर्ता थंड झाल्या होत्या, तरी संपत होत्या.

"स्टूल मोडलं," आनाक्लारा म्हणाली. "एक पाय."

"बसवू दुसरा," दार्दो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते आणि तो ते कुणाला दिसू नयेत म्हणून तोर्ता फार जवळून बघत होता. "गोंधळ वेगळाच आहे. शुक्रवारी पुन्हा प्रयोग आहे, आणि आज केलं ते कुठल्याच रंगात नाही. गुलाबी नाही, हिरवं नाही. लिहून काढावं लागेल. बस उद्या माझ्याबरोबर."

"मी?"

"मग कोण? नाटक तुझं आहे." तो थांबला. "मार्चमध्ये हात वर केला होता मी. नाव न बघता."

"सगळ्यात आधी," आनाक्लारा म्हणाली.

"सगळ्यात आधी," त्यानं कबूल केलं. "पण कागद कुठला घ्यायचा? रंग संपले."

"पिवळा आहे की," निबिया म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"आई, पिवळा?"

"काय व्हायचंय आता? छप्पर पडेल?" तिनं वर बघितलं. छप्पर ठिबकत होतं. "पिवळा काढ. आणि बारीक अक्षरात नको, मला दिसत नाही. आणि एक सूचना सगळ्यांत वर घाल: आत पोर रडलं तर थांबायचं."

"रोज थोडीच रडणार आहे ती," फाब्रिसिओ घाईघाईनं म्हणाला.

"रडली तर," निबिया म्हणाली.

दार्दो खुर्ची ओढून तिच्या जवळ सरकला. "खरं सांग. विसरलीस ना? चुकून गेलीस ना गुलाबीत?"

"मी?" निबियानं तुंब्यात नवा पाला भरला, अंगठ्यानं सारखा केला. "मी तर दुपारपासून गुलाबीतच होते. तुम्हीच मला हिरव्यात शोधत होता."

तिनं पाणी ओतलं. पहिला तुंबा स्वतः प्यायली, दुसरा दार्दोला दिला, तिसरा आनाक्लाराला. मिर्ताला सोडून तुंबा फाब्रिसिओकडे निघाला तेव्हा मिर्तानं हात पुढे केला.

"मला दे."

"तू आभार मानलेस दुपारी."

"ते दुपारी."

निबियानं तुंबा पुन्हा भरला, काठोकाठ, फेस येईपर्यंत. मग टेबलावरून पुढे न करता ती उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि खुर्च्यांमधून वाट काढत सगळ्या टेबलाला वळसा घालून मिर्ताच्या उजव्या बाजूला आली. "सरक," म्हणाली. मिर्ता सरकली.